शेतमजुरांचे स्थलांतर, कायदा आणि रांग: कॅलिफोर्नियाच्या शेतीभागातून एक उत्तर

कृषी पदवीचे शिक्षण घेणाऱ्या एका वाचकाने मला तीन प्रश्न विचारले आहेत. अमेरिकेच्या शेतीभागात राहणाऱ्या लोकांचे कायदेशीर आणि बेकायदा स्थलांतराविषयी खरे मत काय असते, हा पहिला. कायदेशीर मार्ग उपलब्ध असताना लोक रांग मोडून का येतात, हा दुसरा. आणि व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षे थांबून इथे स्थायिक झालेल्या माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचा राग येत नाही का, हा तिसरा. कॅलिफोर्नियातील सॅन होआकिन खोऱ्यातल्या बागायतदारांच्या मजूरभरतीची कायदेशीर बाजू सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे आणि मजुरांसाठी भरणाऱ्या मोफत सल्ला शिबिरांतही मी नियमितपणे बसतो. दोन्ही बाजूंची कागदपत्रे माझ्या हातांखालून जातात. आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण इतर दोन्ही उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत.

रांग मोडली असे म्हणण्यासाठी आधी रांग असावी लागते. मेक्सिकोतल्या ओआहाका किंवा मिचोआकान राज्यातल्या, फारसे शिक्षण नसलेल्या आणि अमेरिकेत जवळचा नातेवाईक नसलेल्या तरुणाला शेतीत कायमस्वरूपी काम करण्यासाठी कायद्याने इथे यायचे असेल, तर त्याने कुठे अर्ज करावा? नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांमध्ये, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्यांमध्ये, अकुशल कामगारांसाठी कायद्याने ठेवलेली मर्यादा वर्षाला जास्तीत जास्त १०,००० इतकी आहे, आणि ती साऱ्या जगासाठी व साऱ्या व्यवसायांसाठी मिळून आहे. त्यात हॉटेलातले सफाई कामगार आले, मांसप्रक्रिया कारखान्यांतले कामगार आले आणि अर्जात नमूद झालेल्या माणसाची बायको-मुलेही आली. या मार्गाला वर्षे लागतात, आणि येत्या हंगामातल्या तोडणीसाठी काही वर्षांनी येणाऱ्या माणसाचा अर्ज कोणताही बागायतदार भरत नाही. अमेरिकी नागरिक असलेला भाऊ किंवा बहीण असेल, तर मेक्सिकोसाठी त्या वर्गवारीतली प्रतीक्षा वीस वर्षांहून अधिक आहे. व्हिसाच्या सोडतीतून मेक्सिको आणि भारत हे दोन्ही देश वगळलेले आहेत. मग उरतो तो एच-२ए हा हंगामी शेतमजुरांचा व्हिसा. त्याच्याकडे मी पुढे येतो, पण तो मिळाला तरी माणूस काम संपल्यावर परत जाण्यासाठीच येतो, ग्रीन कार्डाच्या दिशेने त्यातून एक पाऊलही पुढे पडत नाही.

ही अवस्था आपोआप आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई झाली तेव्हा अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला आणि १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन पुरुष करारावर इथल्या शेतांत आणले गेले. या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. एकच माणूस अनेकदा येत असल्याने माणसांची संख्या त्याहून बरीच कमी होती. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून १० टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापली जात असे, आणि ती अनेकांना कधीच मिळाली नाही. याच काळात, १९५२ च्या कायद्यात, बेकायदा आलेल्या माणसाला आसरा देणे हा गुन्हा ठरवला गेला. मात्र टेक्सासच्या बागायतदारांच्या आग्रहास्तव त्यात एक तरतूद घालण्यात आली की अशा माणसाला कामावर ठेवणे म्हणजे आसरा देणे नव्हे. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मेक्सिकन मजुरांची मोठी धरपकड करून त्यांना सीमेपार पाठवण्यात आले, आणि दुसऱ्या हाताने ब्रासेरो करार वाढवण्यात आले. येणारा दोषी आणि बोलावणारा निर्दोष हा नियम ३४ वर्षे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला होता. तो १९८६ मध्ये पुसला गेला खरा, पण त्याने लागलेली सवय अजून गेलेली नाही.

१९६४ मध्ये ब्रासेरो योजना बंद झाली. पुढच्या वर्षी स्थलांतराचा नवा कायदा आला, आणि १९७६ मध्ये मेक्सिकोलाही इतर देशांप्रमाणे वर्षाला २०,००० व्हिसांची मर्यादा लागू झाली. पिके तीच होती, मळे तेच होते, दरवर्षी येणारी माणसे आणि त्यांना ओळखणारे मुकादमही तेच होते. काल जो करारावरचा मजूर होता तो आज त्याच वाटेने, त्याच मळ्यात, त्याच कामासाठी आला की बेकायदा ठरू लागला.

ही गरज नेमकी कशी असते हे बेदाण्यांच्या उदाहरणावरून सांगतो, कारण फ्रेस्नो परिसरातले हे काम मी जवळून पाहतो. ऑगस्टच्या अखेरीस बिनबियांच्या द्राक्षांमध्ये पुरेशी साखर भरली की वाकड्या पात्याच्या छोट्या चाकूने घड कापायचे आणि दोन ओळींच्या मधल्या सपाट केलेल्या मातीवर कागदाच्या ट्रेमध्ये पसरायचे. मजुरी ट्रेमागे मिळते, म्हणून माणूस वेलाखाली जवळजवळ गुडघ्यांवर बसून, कोळ्यांची जाळी आणि धूळ तोंडावर घेत, धावतच काम करतो. पुढे दोन-तीन आठवडे ते घड उन्हात वाळतात. सप्टेंबरात एक जोरदार पाऊस पडला तर जमिनीवरचा माल कुजतो आणि वर्षाची कमाई जाते. त्यामुळे सगळ्या बागायतदारांना मजूर एकाच वेळी हवे असतात, थोड्याच आठवड्यांसाठी हवे असतात आणि त्यानंतर एकालाही नको असतात. या गरजेतूनच ठेकेदार जन्माला येतो. तो ठरल्या दिवशी चाळीस माणसे आणून उभी करतो, आणि बागायतदार त्याच्याकडे फार चौकशी करत नाही.

चौकशी का करत नाही, हेही समजून घ्यायला हवे. १९८६ च्या कायद्याने प्रत्येक मालकावर आय-९ नावाचा फॉर्म भरण्याची सक्ती आणली आणि जाणूनबुजून बेकायदा माणूस कामावर ठेवणे दंडनीय केले. सगळी मेख ‘जाणूनबुजून’ या शब्दात आहे. कोणती कागदपत्रे दाखवायची हे नियमाने मजूर ठरवतो, मालक नाही. ती वाजवी नजरेला खरी वाटत असतील तर मालकाने ती स्वीकारलीच पाहिजेत. माणसाच्या चेहऱ्यावरून किंवा उच्चारावरून संशय घेऊन अधिक कागद मागितले तर भेदभावाचा ठपका येतो. हा नियम योग्य आहे, कारण नाहीतर सावळ्या रंगाच्या प्रत्येक नागरिकाला आपले नागरिकत्व रोज सिद्ध करावे लागेल. पण त्याचा परिणाम असा की पॅकिंग शेडच्या टेबलावर एकामागून एक कार्डे ठेवली जातात, कारकून क्रमांक उतरवून घेते, आणि बागायतदार फायलीत अगदी स्वच्छ असतो. २०२१ पर्यंत पुढे सोशल सिक्युरिटी या निवृत्तिवेतन कार्यालयाकडून नाव आणि क्रमांक जुळत नसल्याचे पत्र येत असे, पण तोपर्यंत तोडणी संपलेली असे. त्या माणसाच्या पगारातून कापलेली निवृत्तिवेतनाची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते आणि न जुळणाऱ्या नोंदींच्या खात्यात पडून राहते. म्हातारपणी त्यावर दावा सांगण्याचा हक्क त्याला नाही. बेकायदा मजूर कर भरत नाहीत, असे कुणी म्हणाले की मला या खात्याची आठवण करून द्यावी लागते.

आता एच-२ए. या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही, म्हणून लोकांना वाटते की प्रश्न सुटलेलाच आहे. प्रत्यक्षात बागायतदाराला मजुरांची गरज सुरू होण्याच्या ६० ते ७५ दिवस आधी राज्याच्या रोजगार खात्याकडे कामाचा तपशील नोंदवावा लागतो, त्यानंतर केंद्रीय श्रम खात्याची मंजुरी, मग स्थलांतर खात्याकडे अर्ज, मग वकिलातीत मुलाखती. द्राक्षात साखर कधी भरेल हे अडीच महिने आधी तारखेनिशी सांगणे ज्याला जमेल त्याने सांगावे. राहण्याची तपासून मंजूर झालेली जागा मोफत द्यावी लागते, येण्याजाण्याचा खर्च द्यावा लागतो, ठरलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश तासांची मजुरी काम असो वा नसो द्यावी लागते, आणि कराराचा निम्मा काळ उलटेपर्यंत कुणी पात्र स्थानिक माणूस आला तर त्याला कामावर घ्यावे लागते. शिवाय मजुरीचा किमान दर वेगळा. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये सर्वसाधारण किमान वेतन तासाला १६ डॉलर होते, तर एच-२ए साठीचा दर १९.७५ डॉलर होता. मोठ्या कंपन्यांना हे परवडते. चाळीस एकरांच्या बेदाणेवाल्याला चार आठवड्यांच्या कामासाठी वसतिगृह बांधणे कसे परवडेल? तरीही देशभरात मंजूर होणाऱ्या एच-२ए जागांची संख्या २००५ मधल्या सुमारे ४८,००० वरून २०२३ पर्यंत पावणेचार लाखांच्या वर गेली. गरज किती खरी आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा मागू नये.

आणि दुधाचे काय? तुलारी काउंटीत मोठमोठे गोठे आहेत. गायींचे दूध दिवसातून दोनदा-तीनदा, वर्षाचे ३६५ दिवस काढावे लागते. एच-२ए फक्त हंगामी किंवा तात्पुरत्या कामासाठी असल्यामुळे गोठ्यातल्या कायमच्या कामासाठी तो मिळतच नाही. गोठेमालकाने कितीही ठरवले, कितीही पैसा मोजला, तरी परदेशी मजूर कायदेशीरपणे आणण्याचा वापरण्याजोगा दरवाजा त्याच्यासाठी नाही. माझ्याकडे येणाऱ्या गोठेमालकांना हे समजावून सांगणे हे माझ्या कामातले सर्वांत कठीण संभाषण असते, कारण समोरचा माणूस नियम पाळायला तयार असतो आणि पाळण्यासाठी नियमच नसतो.

पहिल्या प्रश्नाकडे येतो. लोक काय म्हणतात? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की इथे दोन तट आहेत; तसे नाही. सीमेवर कडक बंदोबस्त हवा म्हणून मत देणारा बागायतदार आपल्या वीस वर्षे जुन्या मुकादमाच्या मुलीच्या लग्नात पुढच्या रांगेत बसलेला असतो, आणि त्या मुकादमाला नेले तर काय करायचे हे विचारायला तोच माझ्याकडे येतो. त्याला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याच्या मनात ‘बेकायदा’ म्हणजे कुणीतरी अनोळखी आहे, आणि हा तर घरचा माणूस आहे. १९८६ च्या कायद्यातल्या खास शेतमजुरांच्या तरतुदीखाली सुमारे ११ लाख लोकांना कागद, म्हणजे कायदेशीर दर्जा, मिळाले होते. त्यातले जे आज आजोबा झाले आहेत, त्यांच्यापैकी काहींचे नव्याने येणाऱ्यांविषयीचे मत कोणत्याही राजकारण्यापेक्षा कठोर असते, कारण नवी टोळी आली की मजुरीचा दर घसरतो हे त्यांनी अंगावर झेललेले आहे. त्यांची तक्रार खोटी नाही आणि नवीही नाही. फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलेनोत द्राक्षांचा संप सुरू केला आणि शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांची संघटना त्यात उतरली. पुढे संपकाळात मालक सीमेपलीकडून माणसे आणून संप फोडतात म्हणून चावेझ यांनी बेकायदा मजुरांविरुद्ध उघड मोहीम चालवली होती. आज त्यांचे नाव घेणाऱ्या दोन्ही बाजूंना ही गोष्ट अडचणीची वाटते, म्हणून ती फारशी सांगितली जात नाही.

पंजाबी शेतकऱ्यांची आठवण भारतीय वाचकासाठी आवर्जून काढतो. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना शेतजमीन घेण्यास मनाई केली. १९१७ मध्ये भारतातून येणेच जवळजवळ बंद झाले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी स्थलांतरिताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारले. तरीही ती माणसे युबा सिटी आणि इम्पिरियल खोऱ्यात शेती करत राहिली, जमिनी दुसऱ्यांच्या नावावर घेत राहिली, आणि काही जण मेक्सिकोमार्गे सीमा ओलांडून येतच राहिले. १९४६ च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग उघडला, आणि दहाच वर्षांनी इम्पिरियल खोऱ्यातले दलीपसिंग सौंद अमेरिकी प्रतिनिधीगृहात निवडून गेले. आपली परंपरा फक्त नियमाने आलेल्यांची आहे, असे आपल्यापैकी कुणी सांगू लागले तर इतिहास त्याला साथ देत नाही.

मजुरी वाढवा म्हणजे स्थानिक लोक येतील, हा युक्तिवाद मला पूर्ण खोटा वाटत नाही, पण अर्धाच खरा वाटतो. ब्रासेरो योजना संपल्यावर मजुरीत मोठी वाढ होईल अशी अपेक्षा होती. झाले असे की डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेले टोमॅटोतोडणीचे यंत्र आणि त्याला साजेसा कडक सालीचा टोमॅटो काही वर्षांतच शेतांवर पसरला; जिथे यंत्र नव्हते तिथे काहींनी ते पीकच सोडले. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी संघटनेचा २०११ चा अनुभव तर फारच बोलका आहे. त्यांच्याकडे सुमारे ६,५०० जागा होत्या आणि राज्यात जवळपास पाच लाख बेरोजगार होते. अर्ज आले २६८. त्यातल्या २४५ जणांना काम दिले, पहिल्या दिवशी १६३ आले, आणि हंगामाच्या शेवटपर्यंत टिकले ७. त्याच वर्षी जॉर्जिया राज्याने कडक कायदा केल्यावर मजूर निघून गेले, माल शेतातच राहिला आणि शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या गुन्हेगारांना तोडणीवर पाठवण्याचा प्रयोग करावा लागला. त्यातले बरेच जण अर्ध्या दिवसात निघून गेले. २०२५ च्या जानेवारीत बेकर्सफील्डच्या आसपास सीमा गस्तीदलाने धरपकड केली, तेव्हा संत्र्यांच्या बागांत कायदेशीर मजूरसुद्धा यायला घाबरत होते.

आता माझ्या रागाविषयी. विद्यार्थी व्हिसा, मग नोकरीचा व्हिसा, मग ग्रीन कार्डाची वाट, हे सगळे मी केले आहे, आणि त्या काळात आईवडिलांच्या आजारपणात जाता येईल की नाही ही धाकधूकही सोसली आहे. पण मला थांबायला एक रांग होती, माझ्या अर्जाला एक क्रमांक होता. वेलाखाली गुडघ्यांवर बसलेल्या माणसाने माझी जागा घेतलेली नाही, कारण आमच्या वर्गवाऱ्या वेगळ्या आहेत. तो उद्या परत गेला तर कुणा भारतीयाचे ग्रीन कार्ड एका दिवसानेही लवकर येणार नाही. माझा राग बेकायदेशीरपणावर आहे, आणि तो खराखुरा आहे, कारण त्याची किंमत मी रोज पाहतो. कागद नसलेला माणूस मजुरी बुडाली तरी तक्रार करत नाही. उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी उष्णतेपासून संरक्षणाचा नियम कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये, देशात सर्वांत आधी केला, पण सावली आणि पाणी मागण्याचे धाडस ज्याला नाही त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही. बाईला मुकादमाचा त्रास झाला तर ती गप्प बसते. आणि जो बागायतदार वसतिगृह बांधून, पूर्ण दर देऊन, रीतसर माणसे आणतो, त्याचा माल त्याच बाजारात त्याच भावाने विकला जातो जिथे शेजाऱ्याचा स्वस्त मजुरीचा माल विकला जातो. नियम पाळणाऱ्याला दंड आणि मोडणाऱ्याला नफा, अशी ही रचना आहे.

सीमेवरच्या बंदोबस्तानेही एक उलटे काम केले. १९९३ मध्ये एल पासोला आणि १९९४ मध्ये सॅन दिएगोला सीमा आवळली गेली, त्याआधी बरेच पुरुष हंगामाला येत आणि थंडीत घरी जात. ओलांडणे धोक्याचे आणि महागडे झाल्यावर ते जाईनासे झाले आणि बायको-मुलांनाच इकडे बोलावू लागले. पाठोपाठ १९९६ च्या कायद्याने, एक वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहून देश सोडणाऱ्यास दहा वर्षे परतण्याची बंदी घातली. म्हणजे नियमित होण्यासाठी व्हिसा घ्यायला जो मायदेशी जाईल तोच अडकेल. घाबरवून परत पाठवण्यासाठी केलेल्या नियमांनी लोकांना इथेच खिळवून ठेवले.

मग मला काय हवे आहे? जे वर्षानुवर्षे शेतात राबत आहेत त्यांना, आणखी काही वर्षे शेतीत काम करण्याच्या अटीवर, दंड भरून का होईना, कागद द्यावेत. गोठ्यासारख्या बारमाही कामासाठी व्हिसा असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुराचा व्हिसा एका मालकाला बांधलेला नसावा. आज एच-२ए वर आलेल्या माणसाने मालक सोडला आणि ६० दिवसांत दुसरा एच-२ए मालक मिळाला नाही, तर त्याचा कायदेशीर दर्जा जातो, आणि गावाकडच्या दलालाने बेकायदा उकळलेल्या पैशांचे कर्ज डोक्यावर असेल तर तो तोंड उघडतच नाही. एवढे झाल्यावर कामावर घेताना इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची करावी आणि मोडणाऱ्या मालकाला जबर दंड करावा, यालाही माझा पाठिंबा आहे, माझ्या काही अशिलांचा नसला तरी. पण क्रम बदलू नये. सध्याच्या आकडेवारीनुसार पीकशेतीतल्या सुमारे ४० टक्के मजुरांकडे कागद नाहीत. आधी पडताळणी आणली तर तोडणीच्या पहिल्याच आठवड्यात ती गुंडाळावी लागेल. या धर्तीवरचे विधेयक प्रतिनिधीगृहात २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वेळा मंजूर झाले, दोन्ही पक्षांच्या मतांनी, आणि सिनेटमध्ये अडकले. कागद मिळाले की माणसे शेती सोडून शहरात जातात, अशी बागायतदारांची भीती १९८६ च्या अनुभवावरून आलेली आहे. ती खरीही आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच, की सोडून जाता येणाऱ्या माणसाला टिकवण्यासाठी जे द्यावे लागते, तेच त्या कामाचे खरे मोल.

तोवर शिबिरात समोर बसलेल्या माणसाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: आय-९ च्या पहिल्या भागात तुम्ही कोणत्या चौकटीत खूण केली? तिथे नागरिक, कायम रहिवासी आणि कामाची परवानगी असलेला परदेशी अशा वेगवेगळ्या चौकटी असतात, आणि घाईत मुकादम सगळ्यांच्याच फॉर्मवर पहिल्या चौकटीत खूण करून टाकतो. नागरिक असल्याचा खोटा दावा हा १९९६ पासून कायमस्वरूपी अपात्र ठरवणारा दोष आहे. पुढे लग्न झाले, मुलगा नागरिक म्हणून मोठा झाला, तरी ती एक खूण ग्रीन कार्डाचा मार्ग जवळजवळ कायमचा बंद करते. म्हणून फॉर्म स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि दुसऱ्याने भरलेल्या कागदावर सही करू नका, हे मी प्रत्येकाला त्याच्या भाषेत, मिश्तेको ही मेक्सिकोतली आदिवासी भाषा बोलणारा असेल तर दुभाषा बसवून, दोनदा सांगतो.